मुलाच्या वाचनाच्या पातळीला साजेसं पुस्तक कसं निवडायचं?

सानिका_वाचते
मी मुलांच्या वाचनालयात मदत करते आणि तिथे पालकांकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे "आठ वर्षांच्या मुलासाठी काहीतरी चांगलं द्या ना". आता नुसतं आठ वर्षं म्हटल्याने मला काहीच कळत नाही, कारण आठ वर्षांच्या दोन मुलांमधलं एक अजून जोडाक्षरापाशी थांबत थांबत वाचत असतं आणि दुसरं जाडजूड पुस्तक संपवून पुढचा भाग मागायला येतं. पुस्तकाच्या मागे ६ ते ८, ८ ते १० असं छापलेलं असतं ते ढोबळ असतं, विषय, चित्रं, पानांची संख्या बघून ठरवलेलं, तुमचं मूल त्यात बसेलच असं नाही. आणि नाही बसलं तर मुलात काही कमी आहे असंही नाही, हे मला फार मनापासून सांगायचंय कारण पालकांचा चेहरा लगेच पडतो.

मी काय करते ते सांगते. आधी मुलाला स्वतः दोन-तीन पुस्तकं उचलून आणायला सांगते. त्यानेच आणायची, आईबाबांनी नाही. मग मधलं कुठलंही पान उघडायचं आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगायचं, शब्द अडला की एक बोट मिटायचं. पान संपेपर्यंत एखादंच बोट मिटलं तर पुस्तक सोपं आहे, दोन-तीन मिटली तर एकट्याने वाचायला छान, चार मिटली तर तुम्ही शेजारी बसा, पाच मिटली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवा. पाच बोटांचा नियम म्हणतात याला, बऱ्याच जणांना माहीत असेल.

पण यात एक गोम आहे जी कोणी सांगत नाही. हा नियम पानावर साधारण शंभर शब्द आहेत असं धरून चालतो. चित्रांच्या पुस्तकात पानावर वीसच शब्द असतात, तिथे पाच शब्द अडले म्हणजे दर चार शब्दांमागे एक अडला, ते पुस्तक त्या मुलासाठी फारच अवघड झालं. उलट बारीक टायपातल्या अडीचशे शब्दांच्या पानावर पाच अडले तर काहीच बिघडत नाही. म्हणून पान न मोजता अंदाजे शंभर शब्द मोजा, मग ती तीन पानं होवोत नाहीतर अर्धं.

आणि वाचून झालं की पुस्तक मिटून "काय झालं गं इथे?" एवढंच विचारा. परीक्षेसारखं नको, गप्पा मारल्यासारखं. या प्रश्नाला मूल काय उत्तर देतं त्यावर माझा बोटांपेक्षा जास्त भरवसा आहे. तुम्ही लोक कसं ठरवता? अनुभव लिहा.

मृदगंधा
फार गरजेचा धागा. माझा मुलगा दुसरीत आहे, घडाघडा वाचतो, एकही बोट मिटत नाही, पण पान संपल्यावर काय वाचलंस विचारलं तर नुसता बघत बसतो. शाळेत बाई म्हणतात वाचन उत्तम आहे. मग मी त्याला अजून मोठी पुस्तकं आणून देऊ की हीच ठेवू? मला खरंच कळत नाहीये.

सानिका_वाचते
मृदगंधा, मोठी नको, आत्ता तरी नको. वाचन म्हणजे दोन कामं आहेत, अक्षरांवरून शब्द उच्चारणं आणि भाषा समजणं. गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे फार सोपं करून मांडलं होतं, की वाचून समजणं म्हणजे या दोन गोष्टींचा गुणाकार आहे. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे एक बाजू शून्याजवळ असली तर दुसरी कितीही भक्कम असो, उत्तर शून्याजवळच येणार. तुझ्या मुलाची उच्चाराची बाजू पक्की दिसतेय.

आता दुसरी बाजू तपासायला सोपी युक्ती. तशाच पातळीचा एक उतारा तू त्याला वाचून दाखव आणि मग विचार काय झालं. ऐकून समजलं तर भाषा ठीक आहे, फक्त स्वतः वाचताना त्याचं सगळं लक्ष वेगाकडे जातंय, अशा वेळी त्याला सांग की हळू वाचलं तरी चालतं, मधे थांबून तू तुझं मत सांग, "मला वाटतं हा आता पळून जाणार" वगैरे, तोही बोलायला लागेल. आणि ऐकूनही समजलं नाही तर शब्दसंग्रह आणि त्या विषयाची ओळख कमी पडतेय, तिथे भरपूर गप्पा आणि भरपूर वाचून दाखवणं हाच उपाय. दोन्ही वेळा पुस्तक तेच राहतं बघ, फक्त आपण काय करायचं ते बदलतं.

रानवारा
आकड्यांकडे ओढा असणाऱ्यांसाठी थोडं. इंग्रजी पुस्तकांवर लेक्साइल नावाचा आकडा असतो, ६००, ७५० असा. तो मुख्यतः दोन गोष्टींवरून निघतो, वाक्यं किती लांब आहेत आणि त्यातले शब्द एकूण भाषेत किती वारंवार येतात. त्याच्याही आधी रुडॉल्फ फ्लेशचं सूत्र आलं १९४८ मध्ये, त्यात वाक्याची लांबी आणि शब्दातली उच्चारखंडांची संख्या. १९७५ मध्ये किंकेडने ते अमेरिकेच्या नौदलासाठी इयत्तेच्या भाषेत बसवलं. म्हणजे हे सगळं यंत्राला मोजता येईल तेवढंच मोजतं. गोष्ट कशाबद्दल आहे, काळ मागेपुढे जातो का, लेखक जे लिहीत नाही पण सुचवतो ते किती आहे, यातलं काही त्या आकड्यात नसतं.

याचं ठळक उदाहरण म्हणजे स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'. तिचा लेक्साइल ६८० आहे, म्हणजे आकड्यावर गेलात तर दुसरी-तिसरीच्या मुलांची. आणि ती आहे विस्थापन, भूक आणि मृत्यू यांबद्दलची मोठ्यांची कादंबरी. वाक्यं छोटी आणि शब्द ओळखीचे, म्हणून आकडा खाली.

त्यामुळे माझं मत असं की आकडा फक्त दोन अनोळखी पुस्तकांमध्ये पटकन तुलना करायला वापरावा, मुलाला देण्याआधी स्वतः दहा पानं वाचावीत. दहा पानांना वेळ लागत नाही.

केतकी_पान
रानवारा यांची माहिती छान पण ती सूत्रं मराठीला तशीच लावता येत नाहीत हेही सांगायला हवं. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय चिकटतात, "घरासमोरच्यांनाही" हा एकच शब्द धरायचा की किती? शब्द लांब दिसतो पण सहा वर्षांच्या मुलाला बोलताना तो काहीच जड नसतो, वाचताना मात्र दमछाक होते.

मी लहान मुलांना मराठी वाचायला शिकवते, तर मराठी पुस्तक चाळताना मी काय बघते ते लिहिते. पहिलं म्हणजे जोडाक्षरं. ढोबळमानाने चौतीस व्यंजनं आणि बाराखडी धरली तरी चारशेच्या वर अक्षररूपं होतात आणि त्यात जोडाक्षरं अजून मोजलेलीच नाहीत. म्हणून देवनागरी वाचणाऱ्या मुलांचं अक्षरं शिकणं पहिलीत संपत नाही, तिसरी-चौथीपर्यंत चालू राहतं आणि ते अगदी स्वाभाविक आहे. त्यातही र चा त्रास सगळ्यात जास्त, कर्म मधला डोक्यावर जातो, क्रम मधला पायात येतो, ट्रक मधला खाली वेगळाच दिसतो आणि सुऱ्या मधला अजून निराळा. एका पानावर हे चारही आले की नवखं मूल थकतं. ऱ्हस्वदीर्घापाशी मुलं अडत नाहीत, उगाच तिथे टोकू नका.

दुसरं म्हणजे वाक्य. "आईने दिलेला आणि ताईने दप्तरात ठेवलेला डबा शाळेत पोचेपर्यंत उघडायचा नाही असं ठरवलेल्या मनूने" इथपर्यंत येऊनही क्रियापद आलेलं नाही, मुलाला सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. शब्द सगळे सोपे, एक बोट मिटणार नाही, पण अर्थ निसटतो. अशी वाक्यं जास्त असतील तर मी ते पुस्तक वाचून दाखवायच्या गठ्ठ्यात टाकते.

तिसरं छपाई. टाइप मोठा हवा, दोन ओळींत मोकळी जागा हवी, आणि ओळ शक्यतो वाक्य किंवा वाक्याचा अर्थपूर्ण तुकडा संपतो तिथे तुटलेली हवी. चित्रावर छापलेला मजकूर सुरुवातीच्या वाचकांना नको.

आणि एक. फक्त बिनकान्यामात्र्याचे शब्द घेऊन लिहिलेली पुस्तकं मिळतात, ती अक्षरओळखीच्या सरावाला चालतील, पण तेवढीच देऊ नका. त्यात गोष्ट नसते आणि मुलाला वाटतं वाचन म्हणजे हेच.

निळाई
केतकीताई, र चं अगदी अगदी. लेक "प्रश्न" ला नेहमी अडते.

अथांग_७
थोडा वेगळा सूर लावतो. हे सगळं वाचून असं वाटतंय की मुलाला सोप्पंच द्यायचं. मग ते पुढे जाणार कधी? आम्ही लहानपणी जे हाताला लागेल ते वाचलं, अर्धं कळलं नाही, तरी वाचत राहिलो आणि त्यातूनच भाषा आली. पातळी पातळी करून आपण मुलांना कुंपणात तर घालत नाही आहोत ना?

रानवारा
अथांग, तुमच्या शंकेला आधार आहे. हे जे ९५ टक्के शब्द यायला हवेत वगैरे म्हणतात ते एमेट बेट्स यांच्या १९४६ च्या पुस्तकामुळे रूढ झालं. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या, ९९ टक्के शब्द बरोबर आले तर स्वतंत्र वाचन, ९५ च्या आसपास तर शिक्षकाच्या मदतीने, ९० च्या खाली म्हणजे मूल वैतागणार. पण या टक्क्यांच्या मागे जो अभ्यास होता तो चौथीतल्या ४१ मुलांचा होता. एवढ्याशा पायावर पुढची कित्येक दशकं वर्गावर्गांतून मुलांचे गट पाडले गेले. टिमथी शॅनाहान यांच्यासारखे वाचनतज्ज्ञ बरीच वर्षं सांगतायत की शिकवताना, मदत हाताशी असताना, जरा अवघड मजकूर दिलेलाच चांगला.

मला वाटतं खरा प्रश्न मूल एकटं वाचणार आहे की कोणी सोबत आहे हा आहे. रात्री अंथरुणात एकट्याने वाचायला सोपं, कारण तिथे अडलं तर पुस्तक मिटलं जातं. सोबत बसून वाचताना अवघड चालेल. पूर्ण तुम्हीच वाचून दाखवणार असाल तर कितीतरी वरच्या पातळीचं, कारण मुलांची ऐकून समजण्याची ताकद वाचून समजण्याच्या पुष्कळ पुढे असते, शाळेची बरीच वर्षं. म्हणजे एकाच मुलाला एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या पातळ्यांची पुस्तकं लागतात.

सानिका_वाचते
रानवारा, तीन पुस्तकांचं हे फार नेमकं लिहिलंत, मी आता पालकांना असंच सांगणार. अथांग, कुंपणाचं म्हणाल तर मी तुमच्या बाजूची आहे. पातळी पुस्तकाला असते, मुलाला चिकटवायची नाही. काही ठिकाणी कपाटांवर रंगांच्या पट्ट्या लावतात आणि मुलाला सांगतात तू हिरव्यातलंच घ्यायचं. सगळ्यांसमोर मग कळतं कोण कुठल्या रंगात आहे. अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने याला जाहीर विरोध केला आहे, आणि फाउंटस व पिनेल, ज्यांची ए ते झेड अशी पातळ्यांची पद्धत शाळांमध्ये पसरली, त्यांनीही सांगितलंय की पातळी हे शिक्षकाचं साधन आहे, मुलाची ओळख नाही. मूल हट्टाने पाच बोटांचं पुस्तक घेऊन जात असेल तर नेऊ द्या. डायनोसॉरचं असेल तर वाचेल सुद्धा.

निळाई
डायनोसॉर!! माझ्या भाच्याचं हेच. गोष्टीच्या पुस्तकात "तात्पर्य" ला अडतो आणि टायरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स एका दमात वाचतो. मला वाटायचं पाठ केलंय म्हणून.

रानवारा
पाठ नसतं, विषय ओळखीचा असतो. रेक्ट आणि लेस्ली यांचा १९८८ चा प्रयोग आहे यावर. बेसबॉल सामन्याचं वर्णन मुलांना वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल चांगलं माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉलचा गंध नसलेल्या मुलांपेक्षा जास्त समजून घेऊ शकली. म्हणजे "माझ्या मुलीची पातळी अमुक" हे वाक्यच अर्धवट आहे, कुठल्या विषयात ते विचारायला हवं. म्हणून आवडीच्या विषयात एक पायरी वर जा, अगदी अनोळखी विषय असेल तर एक पायरी खाली. एकाच विषयाची चार-पाच पुस्तकं सोप्याकडून अवघडाकडे लावून दिली तर पाचवं पुस्तक मूल वाचून दाखवतं, जे पहिल्या दिवशी दिलं असतं तर फेकून दिलं असतं.

सावली_उन्हाची
मी बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि वाचन साधारण दुसरीच्या मुलाएवढं. त्या पातळीची पुस्तकं दिली की बघतो, त्यावर ससा आणि फुगे असतात, आणि बाजूला ठेवतो. म्हणतो मी बाळ आहे का. त्याच्या वयाची दिली की दोन ओळींत अडतो आणि रडकुंडीला येतो. मी कुठलं पुस्तक देऊ सांगा ना कोणी.

केतकी_पान
सावली, आधी एक विचारते, डोळे आणि कान तपासून झालेत का? झाले नसतील तर तिथून सुरुवात करा. आणि अकराव्या वर्षी एवढं अंतर असेल तर वाचनअक्षमतेसाठीही, म्हणजे डिसलेक्सियासाठी, एकदा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, वाट बघण्याने काही मिळत नाही. डिसलेक्सियाचा बुद्धीशी संबंध नसतो, हे त्यालाही स्पष्ट शब्दांत सांगा, मुलांना स्वतःबद्दल फार वाईट वाटत असतं.

पुस्तकांचं सांगते. तुम्हाला भाषा सोपी पण विषय मोठ्या मुलांचा अशी पुस्तकं हवीत, इंग्रजीत हाय-लो नावाने खास अशी मालिकाच असते. मराठीत तसा वेगळा कप्पा सहसा सापडत नाही, तर माहितीपर पुस्तकं बघा, मोठी चित्रं किंवा फोटो आणि खाली दोन-दोन ओळी, यंत्रं, प्राणी, अवकाश, खेळाडू, त्याला जे आवडतं ते. त्यावर ससा नसतो आणि चार मुलांत हातात धरायला लाज वाटत नाही. चित्रकथा द्या, संवाद छोटे असतात आणि चित्र अर्थ सांभाळतं. चुटके, कोडी, विक्रमांची पुस्तकं, कुठूनही उघडा आणि चार ओळी वाचा, संपलं. आणि त्याच्या वयाची जी जाड गोष्ट त्याच्या मित्रांनी वाचलीय ती त्याला ऐकू द्या, तुम्ही वाचून किंवा ऑडिओबुकवर, समोर पुस्तक उघडं ठेवून. मित्रांबरोबर त्या गोष्टीबद्दल त्याला बोलता आलं पाहिजे, ते हातचं जाऊ देऊ नका. ऐकणं म्हणजे फसवणूक नाही.

सावली_उन्हाची
डोळे तपासलेत, कान नाही. करते. विक्रमांच्या पुस्तकाचं डोक्यातच आलं नव्हतं, क्रिकेटचे आकडे तर त्याला तोंडपाठ आहेत. खूप आभार ताई.

मृदगंधा
सावली, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, अनेकांना उपयोग होईल.

अथांग_७
एक व्यावहारिक मुद्दा. फुकट आणि पातळीनुसार मराठी गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्स या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे, २०१५ पासून. चार स्तर आहेत, पहिला नुकतं वाचायला लागलेल्यांचा, चौथा सराईत वाचणाऱ्यांचा, भाषा आणि स्तर निवडून शोधता येतं. कुणालाही लिहिता-भाषांतर करता येतं त्यामुळे सगळ्या गोष्टींची भाषा सारखी चांगली नाही, आधी आपण वाचून घ्यावी. पण पातळी चाचपून बघायला फार उपयोगी, स्तर दोनची एक आणि तीनची एक उघडा, पंधरा मिनिटांत अंदाज येतो.

ओवी_आणि_आई
उलट्या टोकाचा प्रश्न. मुलगी सात वर्षांची, वाचते मात्र बारा-तेरा वर्षांच्या मुलांसारखं, आणि समजतंही, मी विचारून बघितलंय. आता तिला त्या वयाच्या कादंबऱ्या हव्यात. भाषा झेपते हो, पण त्यात एकटेपण, मृत्यू, प्रेमप्रकरणं असं सगळं असतं. नाही म्हणायचं का?

सानिका_वाचते
सरसकट नाही म्हणू नकोस, पण आधी तू वाच. झेपणं दोन प्रकारचं आहे, भाषेचं आणि मनाचं, आणि सात वर्षांच्या मुलीचं मन सात वर्षांचंच असतं, वाचन कितीही पुढे गेलं तरी. मृत्यूचा विषय असलेलं पुस्तक अगदी लहान मुलांसाठीही छान लिहिता येतं, त्यामुळे विषयापेक्षा तो कसा हाताळलाय ते बघ, भीती वाटेल असं सोडून दिलंय की कुणीतरी मोठं माणूस त्या मुलाच्या सोबत आहे. शंका असेल तर दोघी मिळून वाचा. आणि अशा मुलांना वरवर नेत राहण्यापेक्षा आडवं पसरू दे, विज्ञान, प्रवास, लोककथा, कविता, नाटुकली, जुने अंक. सात वर्षांच्या मुलांच्या सुंदर पुस्तकांना ती कायमची मुकू नये, ती पुस्तकं नंतर तशी वाचता येत नाहीत.

निळाई
आणि तेच तेच पुस्तक पुन्हा मागतात त्याचं काय? लेक एकच पुस्तक इतक्यांदा वाचतेय की मलाच कंटाळा आलाय. नवीन काही घेतच नाही हातात.

केतकी_पान
वाचू दे. पुन्हा वाचताना अडणारे शब्द कमी होतात, वेग आणि चाल येते, आणि डोकं अक्षरांतून मोकळं झाल्यावर गोष्टीतलं नवीन काहीतरी दिसतं. तिला नवीनकडे न्यायचंच असेल तर त्याच लेखकाचं किंवा त्याच मालिकेतलं दुसरं शेजारी ठेव, पात्रं ओळखीची, लिहिण्याची ढब ओळखीची, त्यामुळे नवीन पुस्तक आपोआप थोडं सोपं होतं. मालिका वाचणाऱ्या मुलांना हिणवतात ना काहीजण, मला ते अजिबात पटत नाही.

मृदगंधा
शेवटचं विचारते, सोबत बसून वाचताना शब्द अडला की नक्की काय करायचं? मी लगेच सांगून टाकते, नवरा म्हणतो त्याला सोडवू दे.

केतकी_पान
मनातल्या मनात पाचपर्यंत मोज. तेवढ्यात पुष्कळदा तो स्वतःच सोडवतो. नाही जमलं तर पहिलं अक्षर किंवा जोडाक्षर तू फोडून दाखव, "प् आणि र, प्र", आणि बाकीचं त्याला जोडू दे. तरीही नाही तर सरळ शब्द सांग आणि ते वाक्य त्याला पहिल्यापासून पुन्हा वाचायला लाव, म्हणजे अर्थ तुटत नाही. चित्र बघून ओळख असं मात्र सांगू नकोस, मग तो अक्षरं सोडून चित्राकडे बघायला लागतो. आणि चूक वाचलं पण अर्थ तोच राहिला, म्हणजे "म्हणाली" च्या जागी "बोलली", तर लगेच थांबवू नकोस, वाक्य संपू दे आणि मग बोट ठेवून हा शब्द परत बघ म्हण. अर्थ बदलला आणि तरी तो पुढेच गेला, तर वाक्याच्या शेवटी विचार, "हे बरोबर वाटतंय का रे?" तो स्वतः मागे जाऊन दुरुस्त करायला लागला की पुढच्या पातळीचं पुस्तक आण.